काकूंचा झिम्मा आणि डॉल्बीचा टेम्पो

आज गौरीच्या जागरावर बोलायचं आहे, पण पूजेवर नाही आणि नैवेद्यावरही नाही. बोलायचं आहे गाण्याच्या चालीवर. गाणं किती पळतं, त्याला कोण पळवतं, आणि ते पळायला लागलं की आपले पाय त्याला पुरे पडतात का, एवढाच विषय. ऐकायला किरकोळ वाटेल. आमच्याकडे त्यापायी एक मनगट मोडलं, म्हणून आम्ही त्यात लक्ष घातलं.

आम्ही उचगावच्या. कोल्हापूरच्या पूर्वेला, हायवेच्या कडेला, गांधीनगरच्या कापड बाजाराला लागून आमचं गाव. निम्मं शहर झालंय, निम्मं अजून गावच आहे. पण तेरड्याची गौर घरात आली की सगळं गाव गावासारखं वागतं. दुसऱ्या रात्री जागर. झिम्मा, फुगडी, पिंगा, घागर घुमवणं, सूप नाचवणं. पूर्वी हे सगळं तोंडच्या गाण्यावर चालायचं. अलीकडे गल्लीत गणपतीसाठी आणलेली डॉल्बी जागे असतेच, मग पोरं म्हणतात, "काकू, लावू की दोन गाणी." आणि आम्हीही म्हणतो, "लाव बाबा."

डॉल्बी म्हणजे काय ते आमच्याकडच्या बायकांना सांगायला नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, की पुण्या-मुंबईला ज्याला डीजे म्हणतात त्या स्पीकरच्या भिंतीला इकडे डॉल्बी म्हणतात. गंमत अशी की हे एका कंपनीचं नाव आहे. रे डॉल्बी नावाच्या गृहस्थांनी 1965 साली लंडनमध्ये ती काढली, आणि तिचं पहिलं काम होतं टेपमधली खरखर कमी करण्याचं. आवाज शांत करायला निघालेल्याचं नाव आमच्याकडे कशाला पडलं बघा.

तर दोन वर्षांपूर्वी जागराला फुगडी रंगात आली होती. आमच्या गल्लीतल्या एक काकू, वय साठीच्या पुढचं, फुगडीत त्यांचा हात धरायला आम्ही रांग लावायचो अशा. त्या घुमत होत्या, आणि यंत्रावरच्या पोरानं मध्येच गाणं बदललं. नवं गाणं पहिल्यापेक्षा कितीतरी पळतं होतं. समोरची सून तरणी, तिचे पाय नव्या गाण्यावर गेले, काकूंचे जुन्यावर राहिले. हात सुटला. काकू फरशीवर हातावर पडल्या. दीड महिना प्लॅस्टर. भाकरी थापायचा हात तो. पुढच्या वर्षी काकू आल्या नाहीत, आणि त्यांच्या वयाच्या आणखी आठ-दहा जणी पण आल्या नाहीत. कुणी रुसलं नव्हतं. "आता ते पोरींचं काम," एवढंच म्हणाल्या. आणि झिम्म्याची निम्मी गाणी त्यांच्याच तोंडी आहेत, आम्हाला धड दोन कडवी येत नाहीत.

घरातल्या पुरुषमाणसांनी सोपा उपाय सांगितला, डॉल्बी बंद करा. आम्हाला तो पटला नाही. तसा तो वाईट नाही, पण पोरी मग जागराला येणार नाहीत, घरात मोबाइल बघत बसतील. म्हाताऱ्या पण पाहिजेत आणि पोरी पण पाहिजेत, तर मधला रस्ता काढायला हवा. आमच्यातल्या एकीचा भाचा लग्नाच्या वराती वाजवतो. त्याला बोलावून घेतलं, चहा ठेवला, आणि म्हटलं, आता सगळं उलगडून सांग.

त्यानं पहिलंच वाक्य टाकलं, "आत्या, टेम्पो वाढवायचा असला तर हळूहळू वाढवावा लागतोय." त्यावर कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "एक टेम्पो हाय की दारात, दुसरा कशाला?" हसून हसून पुरेवाट झाली. पण चूक आजींची नव्हे. टेम्पो म्हणजे आपल्याला मालाची गाडी, आणि डॉल्बी येते ती त्याच गाडीतून. गाण्यातला टेम्पो हा शब्द इटलीकडचा, अर्थ वेळ. आपल्याकडे त्याला लय म्हणतात. विलंबित, मध्य आणि द्रुत, म्हणजे संथ, मधली आणि जलद. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी अल्लादियाखाँसाहेब गात होते, तिथल्या बायकांना लय शिकवायला बाहेरच्या कुणी यायची गरज नाही. फक्त ती मोजायची कशी, ते नवं होतं.

मोजणं सोपं आहे. गाणं लावा आणि जिथं आपोआप टाळी पडते तिथं टाळी द्या. घड्याळात पंधरा सेकंद टाळ्या मोजा, त्याला चारनं गुणा. झाला मिनिटाचा आकडा. नाडी मोजतात तसंच. यंत्रवाले याला बीपीएम म्हणतात, म्हणजे मिनिटाला ठोके. आम्ही त्या दिवशी तोंडानं झिम्मा सुरू केला आणि मोजला, तर पंधरा सेकंदांत एकवीस टाळ्या, म्हणजे मिनिटाला 84. मग भाच्यानं काकू पडल्या त्या वेळचं दुसरं गाणं लावलं. ते निघालं 112. म्हणजे फुगडी घुमत असताना एका क्षणात लय एक तृतीयांशानं वाढली होती. चालत्या बाईला न सांगता पळायला लावल्यासारखंच ते.

मग यंत्राची गोष्ट. डीजेपुढं दोन गाणी एकाच वेळी तयार असतात. एक लोकांना ऐकू येतं, दुसरं फक्त त्याच्या हेडफोनमध्ये. तो एका कानावरच हेडफोन का लावतो, हे कोडं आम्हाला कायमचं होतं. तर एका कानानं बाहेरचं ऐकायचं, दुसऱ्यानं पुढचं. दोन्हींचे ठोके एकावर एक बसले की मगच पुढचं गाणं बाहेर सोडायचं. ते बसवायला यंत्राच्या कडेला एक सरकती पट्टी असते. ती एका बाजूला नेली की गाणं पळतं, दुसऱ्या बाजूला नेली की रेंगाळतं. न्यूयॉर्कमधल्या फ्रान्सिस ग्रासो नावाच्या माणसानं साठच्या दशकाच्या शेवटी तबकड्यांचे ठोके असे जुळवून रात्रभर नाच न थांबवता चालू ठेवायची रीत रुळवली. पुढं जपानच्या टेक्निक्स तबकडी-यंत्राच्या 1979 च्या नमुन्यावर सरकती पट्टी आली, वेग आठ टक्के वाढवणारी आणि आठ टक्के कमी करणारी. आजच्या यंत्रांवर ती पट्टी आहेच, लॅपटॉपच्या पडद्यावर सुद्धा तिचं चित्र आहे.

आता यात एक गोम आहे. आपल्या वयाच्या बायकांना टेपरेकॉर्डर आठवत असेल. सेल उतरले की गाणं रेंगाळायचं, आणि गाणाऱ्या बाईचा आवाज बापयासारखा जाड व्हायचा. कॅसेट पळाली की तोच आवाज चिरका. वेग आणि स्वर एकाच दोरीला बांधलेले असतात. मिक्सरचं बटण एकवरून तीनवर नेलं की घरघर वर चढते, तसंच. हिशोबानं सांगायचं तर वेग सुमारे सहा टक्के वाढवला की गाणं पेटीच्या एका पट्टीनं वर जातं, म्हणजे काळी एकचं पांढरी दोन होतं. पेटीवर भजन म्हणणाऱ्या बायकांना हे लगेच कळेल. डॉल्बीवर गाणं लागलंय आणि आपण वरून तोंडानं म्हणतोय, आणि मध्येच गळा पुरेना झाला, तर आपला गळा बसला असं समजू नका. कुणीतरी पट्टी सरकवली असेल.

यावर नव्या यंत्रात उपाय आहे. एक बटण दाबलं की वेग बदलतो आणि स्वर जागेवर राहतो. हे कसं जमतं? यंत्र गाण्याचे अगदी बारीक तुकडे करतं, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपासचे. गाणं संथ करायचं असलं तर काही तुकडे पुन्हा वापरतं, पळवायचं असलं तर काही गाळतं, आणि सांधे एकमेकांवर चढवून बुजवतं. गोधडीला ठिगळ लावतात तसं. थोडं लावलं तर दिसत नाही. फार लावलं तर गोधडी ठिगळांचीच होते. भाच्यानं हलगीचं एक गाणं वीस टक्के संथ करून ऐकवलं. हलगीचा कडक ठोका फाटल्यासारखा झाला, एकाच्या जागी दोन ऐकू यायला लागले. टाळीचं तसंच झालं. गळ्याचा आवाज त्या मानानं बरा तग धरतो, पण कातडं आणि टाळी ताबडतोब बोंबलतात. आमच्या कानांना चार-पाच टक्क्यांपर्यंत काही कळलं नाही, दहाच्या पुढं मात्र आजींनी पण ओळखलं. म्हणून आमचं मत असं झालं, की गाणं ओढूनताणून दुसऱ्या लयीचं करण्यापेक्षा त्या लयीचंच गाणं शोधावं.

मग लय वाढवायची कशी? कारण वाढवायला तर पाहिजेच. एका लयीत रात्रभर झिम्मा म्हणजे दळण. (दळणाची पण स्वतःची लय होती म्हणा. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा करून ठेवल्यात. ती ओवी हाताच्या वेगानं चालायची. हात दमला की ओवी आपोआप संथ. यंत्राला हात नाही, ही खरी अडचण.)

भाच्यानं पहिली रीत सांगितली ती जिना चढायची. 84 वरून एकदम 112 नाही. 84, मग 88, मग 92, असं. दर पायरीला चारच ठोके, म्हणजे साडेचार-पावणेपाच टक्के, आणि ती पायरी सुद्धा गाण्याच्या मध्ये पट्टी झटक्यानं ओढून नाही, तर पंधरा-वीस ठोक्यांत हळूच. नाचणाऱ्या बाईला कळतच नाही, नुसता हुरूप येतो. भजनात पखवाजवाला हेच करतो. अभंग संथ सुरू होतो आणि शेवटाला टाळकरी उड्या मारत असतात, मध्ये कुठं वाढलं ते कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी रीत आम्हाला जास्त आवडली, कारण ती आपलीच आहे. लय बदलायची असली की ठेकाच बंद करायचा. गाणं उतरवायचं आणि "गणपती बाप्पा" म्हणायचं, सगळ्या "मोरया" म्हणतात. आरोळीला ठेका नसतो. ती चालू असताना जुनी लय पायातून निघून जाते, जोड्या हात सोडतात, पदर खोचून घेतात, आणि मग नवं गाणं कितीही पळतं येऊ दे, सगळ्या नव्यानं उभ्या असतात. उखाण्याचा उपयोग पण असाच होतो. फुगडीत उखाणा घालायची पद्धत कुणी काढली असेल ती बाई लई हुशार होती.

तिसरी रीत दुगुणीची. झिम्मा 70 वर चालला असला तर 140 चं गाणं त्यावर बिनदिक्कत बसतं, कारण त्याच्या दर दुसऱ्या ठोक्यावर आपली टाळी पडते. पोरी दुप्पट लयीत नाचतात, म्हाताऱ्या निम्म्या लयीत टाळ्या देतात, आणि रिंगण एकच राहतं. तबलजी हे पूर्वापार करत आलेत. हे कळलं तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो, कारण आमचा प्रश्न तर हाच होता, की दोन वयांच्या बायकांना एका रिंगणात कसं धरायचं.

फक्त नुसत्या आकड्यावर विसंबू नका. लॅपटॉप स्वतः गाण्याचा आकडा काढून दाखवतो, पण तो कधी कधी निम्मा किंवा दुप्पट दाखवतो, 80 चं गाणं 160 म्हणून. जुनी गाणी तर मुळात एका लयीत नाहीतच. ढोलकीवाला माणूस होता, रंगात आला की पुढं जायचा. अशा गाण्यावर यंत्राचं आपोआप जुळवायचं बटण फसतं, ठोके सुरुवातीला बसतात आणि अर्ध्या मिनिटात घसरतात. आणि दोन गाण्यांचा आकडा अगदी सारखा असला तरी एक सहा मात्रांच्या दादऱ्यात आणि दुसरं आठ मात्रांच्या केहरव्यात असलं तर पाय अडखळणारच. एक हिंदोळतं, दुसरं चालतं. आमचा भाचा हे मान्य करायला तयार नव्हता. "आकडा जुळतोय की ओ आत्या." मग त्यालाच झिम्म्यात उभा केला. दोन फेऱ्यांत पटलं.

लय आणि आवाज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पण इथंच सांगून टाकतो. पोरांना वाटतं रंग चढवायचा म्हणजे दोन्ही एकदम वर न्यायचं. गाणं पळतं करायला ते मोठं करावं लागत नाही, उलट आवाज थोडा कमी असला तर पायातला ठेका आणि एकमेकींच्या टाळ्या ऐकू येतात, आणि लय तिथूनच सांभाळली जाते. कायदा तर आहेच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सणासाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्यामुळं जागराची मोठी रात्र शेवटी तोंडच्या गाण्यावरच जाते, आणि ती गाणी कुणाला येतात ते वर सांगितलंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उतरायचं कसं. चढवायला सगळ्यांना आवडतं, उतरवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. फुगडीत बाई पडते ती पुष्कळदा घुमताना पडत नाही, थांबल्यावर पडते. कानाच्या आत अर्धगोल नळ्या असतात, त्यांत पाणी असतं. आपण घुमायला लागलो की ते पाणीही फिरायला लागतं, आणि आपण थांबलो तरी ते थोडा वेळ फिरतच राहतं. बादलीतलं पाणी ढवळून हात काढला तरी फिरतं, तसं. तेवढ्या वेळात डोकं म्हणतं घुमतोय, पाय म्हणतात उभे आहोत. गाणं खाडकन तोडलं की सगळ्या जणी एकदम थांबतात, आणि सगळ्यांना एकदम घेरी येते. तेच गाणं संथ होत होत थांबलं तर पाणीही बसत जातं आणि पायही. आणि दमाचं म्हणाल तर साधी खूण आहे. नाचताना शेजारणीशी चार शब्द बोलता येत असले तर लय झेपतेय. बोलणं तुटायला लागलं की बाजूला येऊन टाळ्या द्याव्यात. छातीत दुखलं, अंधारी आली तर मात्र टाळ्या पण नाहीत, बसायचं आणि कुणाला तरी सांगायचं. बायका सांगत नाहीत, हा आपला जुना रोग.

हे सगळं ऐकून आम्ही यंदाच्या गौरीला एका वहीच्या पानावर गाणी लिहिली. प्रत्येकाच्या पुढं आमच्या टाळ्यांचा आकडा. सुरुवात 84, मग चारा-चारानं 104 पर्यंत, तिथं आरोळी आणि पाणी. त्यापुढं 112 फक्त पोरींसाठी, रिंगण सोडून मधोमध. मग तीन गाणी उतरती. यंत्रावर भाचा नव्हता, त्याची वरात होती कागलकडं. आमच्याच गल्लीतली बारावीतली पोरगी बसली. तिला भाच्यानं दोन दुपारी शिकवलं होतं. सुरुवातीला तिचा हात थरथरत होता, एकदा तर दोन गाण्यांचे ठोके घोडा उधळल्यासारखे एकमेकांवर आदळले, रिंगण थांबलं, सगळ्या हसल्या. तिनं गाणं उतरवलं, माइकवर "मोरया" म्हणायला लावलं आणि पुन्हा सुरू केलं. भाडं देताना डॉल्बीच्या मालकालाही आम्ही ती वही दाखवली होती, आणि सांगितलं होतं की मधली गाणी आमच्याशिवाय बदलायची नाहीत. तो म्हणाला, असली यादी आजवर कुणी दिली नाही. वरातीत काय, ज्याच्या हातात बाटली त्याची फर्माईश.

काकू आल्या. सुनेनं आणलं. आधी भिंतीला टेकून खुर्चीवर बसल्या, हात पदरात. 88 ला टाळ्या सुरू झाल्या. 92 ला उठल्या. झिम्म्याच्या रिंगणात आल्या, फुगडीला हात मात्र दिला नाही, आणि आम्ही पण कुणी मागितला नाही. बारा वाजता डॉल्बी बंद झाली तशी त्यांनीच मोठ्यानं गाणं उचललं. यंत्रावरची पोरगी घड्याळ काढून त्यांच्या टाळ्या मोजायला लागली. "काकू, तुमी तर शहाण्णववर हाय की," म्हणाली. काकू म्हणाल्या, "गप बस आणि मागनं म्हण."